संगीत नाटक बैठकीत बसवताना : काय काढावं, काय राखावं



आजचा विषय वरवर पाहता नाट्यव्यवस्थापकांचा आहे. मोठं संगीत नाटक लहान करून, मैफलीच्या रूपात कसं सादर करावं? पडदे नाहीत, नेपथ्य नाही, शालू-शेले नाहीत, पंधरा-वीस माणसांचा ताफा नाही. पाच-सहा गाणारे, एक निवेदक, ऑर्गन किंवा पेटी, तबला, समोर माइक; आणि दोन-सव्वादोन तासांत ‘सौभद्र’ किंवा ‘मानापमान’ आटोपायचं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा आपण विचाराल, तुमचं इथे काय काम? काम आहे. कारण नाटकातलं काय काढलं तरी नाटक उरतं, आणि काय काढलं की ते नाटकच राहत नाही, हा शुद्ध तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. आमच्या भाषेत याला वस्तूच्या तादात्म्याचा प्रश्न म्हणतात. व्यवहाराच्या भाषेत, तिकिटावर ‘सौभद्र’ लिहिलं असेल तर आत ‘सौभद्र’ मिळालं की नाही, एवढंच.

हा प्रश्न आपल्यासारख्या गावाला अधिक लागू आहे. पूर्ण संचातलं संगीत नाटक जिल्ह्याच्या गावी आणणं आज कोणाला परवडतं? सामानाची गाडी, माणसांचा मुक्काम, नाट्यगृहाचं भाडं, आणि मुख्य म्हणजे गाता येतं आणि बोलताही येतं अशी आठ-दहा माणसं एकाच तारखेला मोकळी मिळणं. म्हणून हुतात्मा स्मृती मंदिरासमोर उभं राहून ‘पूर्ण की संक्षिप्त’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्यापुढची निवड ‘संक्षिप्त की काहीच नाही’ अशी आहे. ज्या मुलाने नाट्यपदं मोबाइलवर ऐकली आहेत पण संगीत नाटक एकदाही पाहिलेलं नाही, त्याच्या वाट्याला जे येणार ते याच रूपात येणार. ते नीट असावं, एवढा आमचा आग्रह.

आधी जगात काय चालतं ते पाहू. ‘ले मिझेराब्ल’ या प्रचंड संगीतिकेला दहा वर्षं झाली तेव्हा, ८ ऑक्टोबर १९९५ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तिची मैफल झाली. मूळ प्रयोगातला फिरता रंगमंच नाही, क्रांतिकारकांचा तो उंच मोर्चा नाही. गायक वेषात होते, पण माइकसमोर ओळीने उभे राहून गायले, मागे वाद्यवृंद. ती मैफल लोकांच्या मनात अशी बसली की पुढे त्या संगीतिकेच्या मैफली प्रयोगांची परंपराच झाली. दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथे सिटी सेंटरमध्ये ‘एन्कोअर्स’ नावाची मालिका १९९४पासून चालते. जुन्या संगीतिका थोड्या तालमीत, मोजक्या नेपथ्यावर, वाद्यवृंद रंगमंचावरच बसवून करायच्या. तिथे १९९६ साली ‘शिकागो’ झालं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते जवळजवळ त्याच साधेपणाने ब्रॉडवेवर गेलं. ते अजून चालू आहे. म्हणजे लहान केलेला प्रयोग मूळ थाटामाटाच्या प्रयोगाहून कितीतरी जास्त जगला.

मग आपणही तसंच करावं का? इथे जरा थांबायला हवं. ‘ले मिझेराब्ल’मध्ये गद्य जवळजवळ नाहीच, कथा गाण्यांतूनच पुढे सरकते. सगळी गाणी क्रमाने गायली की नाटक आपोआप झालं. ‘शिकागो’त बरीचशी गाणी मुळातच रंगमंचावर पेश केलेल्या खेळासारखी आहेत, पात्रं जणू आपला गुन्हा तमाशातल्या वगासारखा करून दाखवतात. तिथे माइकसमोर उभं राहणं हा नाटकाचाच स्वभाव. आपलं संगीत नाटक या दोन्हींहून वेगळं आहे. आपल्याकडे माणसं बोलतात, बोलता बोलता गद्य अपुरं पडतं, आणि मग पद येतं. ते पद संपलं की पुन्हा बोलणं. आपल्या पदाचा पाय गद्यात रोवलेला असतो. म्हणून परक्याचा साचा उचलून आणला की नेमका तो पायच कापला जातो.

आता आपल्या पुष्कळशा कार्यक्रमांत काय होतं ते सांगतो. कुणा एकाच्या कार्यक्रमाबद्दल हे बोलणं नाही. हा आता एक साचाच झाला आहे. मागे पडद्यावर बालगंधर्वांचं छायाचित्र. निवेदक येतो, नाटकाचं नाव, साल, संगीतकाराचं नाव सांगतो, एखादा चुटका सांगतो. गायिका येते, उत्तम गाते. आठ-दहा मिनिटांचं पद, ताना, टाळ्या, वन्समोर. मग दुसरा चुटका, दुसरं पद, बहुधा दुसऱ्याच नाटकातलं. शेवटी भैरवी. सगळे तृप्त होऊन घरी जातात. त्या तृप्तीला आमचा विरोध नाही. नाट्यसंगीताची मैफल हा स्वतंत्र आणि चांगला प्रकार आहे. आमची तक्रार एवढीच की हल्ली याच प्रकाराला एखाद्या नाटकाचं नाव देऊन ‘मैफली प्रयोग’ म्हणण्याची रीत पडते आहे. बारा पदं ओळीने झाली, पण रुक्मिणी का रुसली, ती कुणावर रुसली, हे कोणालाच कळलं नाही. हा नाटकाचा संक्षेप म्हणता येणार नाही. नाटक बाजूला ठेवून त्याच्या अंगावरचे दागिने तेवढे मांडून ठेवले, असं झालं.

आता थोडं शास्त्र पाहू. फार नाही, घाबरू नका.

ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेची सहा अंगं सांगितली: कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. त्यांतलं पहिलं स्थान कथानकाला. दृश्य चित्त वेधून घेतं खरं, पण कवीच्या कलेशी त्याचा संबंध सर्वांत कमी. प्रयोग आणि नट यांच्यावाचूनही शोकात्मिकेचा परिणाम होऊ शकतो, असं त्याचं मत. संगीताला तो सजावटीतली श्रेष्ठ सजावट मानतो. पण सजावटच. म्हणजे ॲरिस्टॉटलला विचारून आपण प्रयोग लहान करायला घेतला, तर तो म्हणेल: पडदे खुशाल काढा, कथानकाला हात लावू नका. आपला साचा बरोबर उलटं करतो. पडद्यांबरोबर कथानकही काढतो आणि सजावट तेवढी ठेवतो.

भरतमुनींकडे यापेक्षा नेमकी मदत मिळते. अभिनय चार प्रकारचा: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आहार्य म्हणजे वेषभूषा, रंगभूषा, बाहेरून आणलेलं सगळं. मैफली प्रयोगात आहार्य जवळजवळ संपूर्ण जातं. आंगिक निम्मं जातं, कारण माइकसमोर उभा असलेला माणूस फिरणार किती? उरतं वाचिक आणि सात्त्विक. म्हणजे शब्द, आणि आतून उमटणारा भाव. आता गंमत पाहा. वाचिकात दोन गोष्टी आहेत: बोललेले शब्द आणि गायलेले शब्द. बोललेले शब्दही आपण काढून टाकले, तर चार खांबांतला सव्वा खांब उरला. त्यावर छप्पर कसं राहावं?

याहून महत्त्वाची गोष्ट रसाची. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो, हे आपण शाळा-कॉलेजात कधीतरी ऐकलेलं असतं. त्यातला विभाव म्हणजे भावाचं कारण. त्याचे दोन प्रकार. आलंबन विभाव म्हणजे ज्याच्या आधाराने भाव उभा राहतो ती व्यक्ती: अर्जुनासाठी सुभद्रा, सुभद्रेसाठी अर्जुन. उद्दीपन विभाव म्हणजे भावाला फुलवणारी परिस्थिती: चांदणं, उपवन, पहाटवारा. जुन्या कंपन्यांचे रंगवलेले पडदे काय करत होते? उद्दीपनाचं काम करत होते. ते काम आपला राग तितक्याच ताकदीने करू शकतो. पहाटेचा राग लागला की पहाटेचा पडदा लागत नाही. तेव्हा उद्दीपन रागावर सोपवा, हरकत नाही. पण आलंबन रागावर सोपवता येत नाही. कोण, कोणाला, का, हे कोणताही राग सांगू शकत नाही. आमचं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर एवढंच: आहार्य काढा, आलंबन राखा.

हे हवेतलं शास्त्र वाटत असेल, तर आपल्या शेजारचे दोन पुरावे देतो.

पहिला पुरावा कर्नाटकाचा. सोलापूरच्या कितीतरी घरांत कन्नड बोललं जातं, म्हणून हे उदाहरण इथे परकं नाही. मराठी नाटकाचा इतिहास आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवरा’पासून सांगतो, आणि त्यामागे कानडी भागातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती हेही सांगतो. तो खेळ यक्षगानाच्या कुळातला. या यक्षगानाचं एक बैठं रूप आहे, त्याला ‘ताळमद्दळे’ म्हणतात. मुकुट नाही, रंग नाही, नाच नाही. भागवत, म्हणजे मुख्य गायक, पदं गातो. साथीला मद्दळे आणि चेंडे. आणि समोर साध्या कपड्यांत बसलेली माणसं आपापल्या पात्राचा ‘अर्थ’ बोलतात. त्यांना अर्थधारी म्हणतात. पावसाळ्यात उघड्यावरचे खेळ बंद पडतात तेव्हा या बैठका रंगतात. शतकानुशतकं चालत आलेला हा अस्सल मैफली प्रयोगच आहे. त्यांनी काय काढलं? सगळा थाट काढला. आणि काय वाढवलं? संवाद! कृष्ण आणि कर्ण समोरासमोर बसून तासभर वाद घालतात, आणि लोक त्या वादासाठी जागतात. थाट गेल्यावर शब्दावर जास्त भार टाकायचा असतो, हे त्यांना उमजलेलं आहे.

दुसरा पुरावा आपल्याच जिल्ह्यातला. पंढरपूर इथून सत्तरेक किलोमीटरवर. नारदीय कीर्तनात उत्तररंगाला बुवा आख्यान लावतात. एकच माणूस, हातात झांजा किंवा चिपळ्या, मागे पेटी-तबला. तोच हरिश्चंद्र होतो, तोच तारामती होतो, तोच विश्वामित्र. उपरणं डोक्यावर घेतलं की बाई, कमरेला बांधलं की योद्धा. एवढ्या तुटपुंज्या आहार्यावर श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. का येतं? कारण बुवा एक गोष्ट कधीही सोडत नाहीत: पद म्हणण्याआधी ते कोण कोणाला म्हणतंय हे आपल्या मनात पक्कं करून ठेवतात. आणि गोष्ट पुढे ढकलायला ते काय वापरतात? साकी, दिंडी, ओवी, आर्या. चार ओळी, मिनिटभरात कथा एका गावाहून दुसऱ्या गावी.

आता अण्णासाहेब किर्लोस्करांकडे येऊ. त्यांचा जन्म १८४३ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, आणि १८८२ साली ‘संगीत सौभद्र’. आजच्या श्रोत्याला आश्चर्य वाटेल, पण शाकुंतलात पदांची संख्या दोनशेच्या घरात आणि सौभद्रात शंभराच्या वर आहे. शंभर मोठी पदं एका रात्रीत कशी गातील? गात नव्हते. त्यांतली कितीतरी साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीतं आहेत: छोटी, सरळ, फारशी आलापी नसलेली. किर्लोस्करांनी कीर्तनातलं ते हत्यार नाटकात आणलं. मोठ्या पदांनी भाव उभा करायचा, छोट्या पदांनी कथा चालवायची.

आणि आपण मैफल करताना नेमकी कोणती पदं गाळतो? साक्या आणि दिंड्या! का? तर त्यांत गायकाला ‘वाव’ नसतो. आम्हाला ही आजच्या सगळ्या मैफली प्रयोगांची मुख्य चूक वाटते. ज्या छोट्या पदांनी नाटक स्वस्तात आणि झटपट पुढे जातं ती फेकून द्यायची, आणि मग तेच काम करायला लांबलचक निवेदन लिहून घ्यायचं. हातातली गाडी विकून भाड्याने गाडी लावण्यासारखं आहे हे.

चार नाटकांवर ही कसोटी लावून पाहू.

‘सौभद्र’ घ्या. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे. कृष्ण वरकरणी थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर नाही, आतून अर्जुनाच्या बाजूने सूत्रं हलवतो आहे. अर्जुन यती होऊन येतो, आणि बलराम भोळेपणाने त्याच्याच सेवेला सुभद्रेला नेमतो. नाटकाचा सगळा रस या लपवाछपवीत आहे. प्रेक्षकाला माहीत आहे, बलरामाला माहीत नाही. यतीच्या वेषातल्या अर्जुनाच्या तोंडचं पद समोरची माणसं एका अर्थाने ऐकतात आणि आपण दुसऱ्या अर्थाने ऐकतो. मैफलीत बलराम नसेल, तर तो दुसरा अर्थ कुठून येणार? भगवी कफनी नसली तरी चालेल. पण पद चालू असताना बलराम झालेला माणूस तिथे भक्तिभावाने हात जोडून बसलेला हवा. त्याने एक शब्द गायला नाही तरी अर्धं पद त्याच्यामुळे कळतं.

देवलांचं ‘शारदा’ १८९९चं. त्यात शारदेच्या मैत्रिणी म्हाताऱ्या नवऱ्याची थट्टा करतात, ते पद आजही शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली हसत-खेळत म्हणतात. छानच म्हणतात. पण नाटकात ज्या मुलीचा सौदा चालला आहे ती मुलगी ते ऐकते आहे. तिचा बाप कांचनभट पैशासाठी तिला भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघाला आहे. शारदा समोर असली की ती थट्टा बोचते, आणि शारदा नसली की ते एक मजेदार गाणं होतं. इथे सूर, ताल, शब्द यांतलं काही बदललेलं नाही. फक्त ऐकणारी व्यक्ती काढली, आणि हास्य व करुण यांतला सगळा फरक पुसला गेला. आलंबन म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही.

गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९चं. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले, नाटक त्यानंतर गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणलं, आणि त्यातली पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली. म्हणजे नाटक एकाचं, पदं दुसऱ्याची. असं असूनही सिंधूची पदं नाटकाशी एकजीव वाटतात, ती कशामुळे? क्रमामुळे. सुधाकराची सनद जाते, घर बुडतं, सिंधू लोकांची दळणं दळते. पहिल्या अंकातल्या सिंधूचा सूर आणि शेवटाकडच्या सिंधूचा सूर यांच्यामध्ये एक आयुष्य उद्ध्वस्त झालेलं असतं. मैफलीत ही पदं गायकाच्या सोयीने किंवा रागाच्या वेळेनुसार मागेपुढे लावतात. मग दळणारी सिंधू आणि सुखातली सिंधू सारख्याच गोड होतात. बालगंधर्वांसारखा रूपाचा लाडका नट या भूमिकेत फाटक्या लुगड्यात उभा राहिला, त्याला काही अर्थ होता. आपल्याकडे लुगडं नसेल. क्रम तरी मोडू नये.

चौथं नाटक, ‘कट्यार काळजात घुसली’. १९६७ साली आलेलं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेब वसंतराव देशपांडे. हे नाटक मैफलीला सर्वांत सोपं वाटतं, कारण त्यातली माणसंच गवई आहेत. सौभद्रातला कृष्ण गातो तेव्हा तो ‘बोलत’ असतो. कट्यारमधले खाँसाहेब गातात तेव्हा ते खरोखर गात असतात. ‘शिकागो’शी त्याचं नातं इथे जुळतं. पण याच सोपेपणात धोका आहे. त्या गाण्यावर हवेली, राजगायकाचं पद आणि एक खून माफ करणारी कट्यार पणाला लागलेली आहे. सदाशिव चोरून विद्या घेतो आहे. हे पणाला लागणं काढलं की उरते एक घराणेदार मैफल, जी ऐकायला नाटकाचं तिकीट काढायची गरज नाही. म्हणजे ज्या नाटकात गाणं सहज बसतं, तिथे निवेदकावरची जबाबदारी अधिक असते.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते आम्हाला ठाऊक आहेत, आणि ते पोरकट नाहीत.

पहिला आक्षेप असा: अहो, ही नाटकं जुनी झाली, पदं तेवढी टिकली. काळाने जे निवडलं ते आपण गावं. याला आमचं उत्तर असं की काळाने निवडलं हे अर्धंच खरं. बरीचशी निवड ७८ फेऱ्यांच्या तबकडीने केली. तिच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात पद मावलं, संवाद मावला नाही. पहिला संक्षेप तबकडीने केला, दुसरा रेडिओवरच्या फर्माईशीने, तिसरा आता मोबाइल करतो आहे. यंत्राच्या मापाला आपण काळाचा निवाडा म्हणू नये.

दुसरा आक्षेप बरोबर उलट्या बाजूचा: करायचं तर पूर्ण करा, नाहीतर पवित्र वस्तूला हात लावू नका. या मंडळींच्या निष्ठेबद्दल आदर आहे. पण पूर्ण संचातले प्रयोगही मूळ संहिता जशीच्या तशी कुठे करतात? शंभर पदांचं सौभद्र आज कोण करतं? काटछाट सगळेच करतात. प्रश्न फक्त विवेकाने करण्याचा आहे. आणि मोठेपणाने मोठं नाटक वाचतंच असं नाही. १९११चं ‘मानापमान’ २०२५च्या जानेवारीत भव्य चित्रपट होऊन आलं. ज्यांना जमेल त्यांनी ते मोठं करावं. त्याने आपल्या गावातल्या रंगमंचाचा प्रश्न सुटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. लोक म्हणतात, बालगंधर्वांच्या काळीच नाटकाची मैफल झाली होती. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. लोक काय भामिनी आणि धैर्यधराची गोष्ट बघायला लोटले होते? ते दोन गळ्यांची जुगलबंदी ऐकायला आले होते. मग आम्हालाच का दोष? या आक्षेपात तथ्य आहे. वन्समोरांनी नाटकं रात्ररात्र लांबली आणि कथा खोळंबली, ही टीका त्या काळातही होत होती. पण एक फरक लक्षात घ्या. तिथे वन्समोर संपल्यावर भामिनीला पुन्हा धैर्यधराकडे वळावंच लागे. परतायला जागा होती. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट सुरू झाला आणि गोष्ट सांगण्यात संगीत नाटक मागे पडू लागलं. ज्या अंगाने आपण तेव्हा हरलो तेच अंग आज आपण होऊन कापून टाकायचं, हे काही शहाणपणाचं नाही.

शेवटी, नुसती टीका करून निघून जाणं आम्हाला आवडत नाही. म्हणून एक साधा हिशेब मांडतो. एकशे पस्तीस मिनिटांचं ‘सौभद्र’ करायचं आहे असं धरा. वीस मोठी पदं, प्रत्येकी चार मिनिटं: ऐंशी मिनिटं. पंधरा साक्या-दिंड्या, मिनिटाला एक: पंधरा मिनिटं. संवाद तीस मिनिटं. निवेदन दहा मिनिटं. बेरीज एकशे पस्तीस. गवयाला ऐंशी मिनिटं मिळाली, म्हणजे तो उपाशी नाही. फक्त एका पदाला दहा मिनिटं मिळणार नाहीत. ज्याला दहा मिनिटं हवीत त्याची मैफल दुसऱ्या दिवशी ठेवा, आम्ही स्वतः पुढच्या रांगेत येऊन बसू.

तीस मिनिटांचे संवाद कोणते? सोपं आहे. प्रत्येक मोठ्या पदाच्या लगेच आधीची चार-सहा वाक्यं, आणि पदानंतर समोरच्याचं पहिलं उत्तर. बाकीचं कापा. पदाआधीचं वाक्य म्हणजे प्रश्न आणि पद म्हणजे त्याचं उत्तर. प्रश्न न ऐकवता उत्तर ऐकवू नये. ज्याला उद्देशून पद आहे तो मंचावर असलाच पाहिजे, मग तो खुर्चीवर का बसलेला असेना. हातात कागद चालेल, पण डोळे कागदात नकोत, समोरच्या माणसात हवेत. वन्समोर हवा तर अंकाच्या शेवटी घ्यावा.

आणि निवेदक? तो आपल्याकडे आयता आहे. त्याचं नाव सूत्रधार. त्याने काय घडलं ते सांगावं. हे पद किती अवीट आहे, ऐकताना डोळे कसे पाणावतात, हे सांगू नये; ते काम आमचं, खाली बसलेल्यांचं. चुटके तर नकोतच. आणि सोलापुरात सूत्रधाराने अंक बदलताना दोन वाक्यं कन्नडमध्ये, दोन तेलुगूत बोलावीत. ज्या गावात गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारी, चार भाषा बोलणारी माणसं एका चाळीत राहिली, त्या गावात तेवढ्याने कोणाचं मराठीपण उणावणार नाही. उलट बलराम कुणाला फसतो आहे हे मागच्या रांगेतल्या तेलुगू आजींनाही कळेल, आणि हसू एकाच वेळी उठेल.

यासाठी मोठी संस्था लागत नाही. आपल्या गावात सुगम आणि शास्त्रीय शिकणारी मुलं-मुली आहेत, पेटी-तबल्याची साथ आहे, हौशी नाटकवाले आहेत. आजवर यांची गाठ पडत नाही. गाणाऱ्याला संवाद नको असतात आणि नाटकवाल्याला गाणं येत नाही. मैफली प्रयोगात दोघांनाही एकमेकांची गरज पडते. एक नाटक निवडा. एकच. दहा नाटकांतली दहा पदं नकोत. तीन महिने त्यावर बसा. आधी पद बाजूला ठेवून नुसते संवाद वाचा, आणि प्रत्येक पदापाशी थांबून गाणाऱ्याला विचारा: हे तू कोणाला म्हणते आहेस? तिला उत्तर देता आलं, की मगच पेटी उघडा.

आमचं बोलणं इथे थांबवतो. वेळ पाच-सात मिनिटं उरली आहे, तेव्हा प्रश्न विचारा. विशेषतः जे गातात त्यांनी विचारावेत, कारण चार मिनिटांच्या मर्यादेवर त्यांचं भांडण असणार, आणि ते ऐकायला आम्ही तयार आहोत.